उजव्या बाजूने हाक

सिहोरा,
रोवणीचे दिवस, १९७९

तीर्थरूप देवकाबाई यांना,

तुमच्या भावजयीचा, शकुनचा, वाकून नमस्कार. लाखनीला सर्व खुशाल असाल, भाऊजींचा खोकला उतरला असेल आणि तुमच्या धानाच्या बांध्यांत रोवणीपुरतं पाणी साचलं असेल, अशी आशा करते. इकडे काळजी करण्यासारखं काही नाही. तुमच्या भावाचा लकवा उतरणीला आहे, उजवा पाय फरफटत का होईना भिंतीपर्यंत जातो. तेव्हा रोवणी टाकून येऊ नका. (बसमध्ये उभ्यानेच यावं लागते, त्यात तुमचे गुडघे.)

राहिली फक्त वाचा. तुमसरच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवी बाजू आपली आहे हेच यांचं डोकं विसरून गेलं आहे, आणि जीभही त्यातच अडली आहे. म्हणून घरच्या माणसाने रोज उजवीकडे उभं राहून नावाने हाक मारायची, हे मान वळवेपर्यंत थांबायचं, मगच चहा द्यायचा. आता जीभ सुटली तर सुटली, पुढे जड जाईल, असंही म्हणाले. मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. घरचं माणूस म्हणजे मीच. चंद्रकांता नाकाडोंगरीहून येऊन गेली, पण पोरगी बापाला बाबाच म्हणणार. आणि मला तर तुमच्या मातोश्रींनी माप ओलांडल्याबरोबर बजावलं होतं की बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होते. मी मॅट्रिक झालेली आहे, हे खरं नाही एवढं मला समजते. पण खरं की खोटं हे करून पाहायला माझ्याजवळ एकच नवरा आहे.

म्हणून आधी उखाणा केला, त्यात घेतलेलं चालते. पण महादेव, बेल, पिंडी असं करत नावापर्यंत पोचेस्तोवर यांचे डोळे मिटत. डोळे मिटले की मी नाकाखाली बोट धरून श्वास पाहते. (एकदा यांनी एक डोळा उघडून असं पाहिलं, जसं मी यांची विडी चोरून राहिली.) मग शेजारच्या सुखरामजींना विनवलं. ते शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या गड्याला बोलवावं तसे ओरडले. हे दचकले, चहा धोतरावर. नंतर सुखरामजी स्वतःचा चहा घेत खाटेजवळ बसले आणि धीर दिला, "घाबरू नका जी. आमच्या मावश्याले असाच झाला होता. चांगला बोलाले लागला होता, अन् मंग पोळ्याच्या दिवशी गेला." तेव्हापासून मी कोणाला पोळ्याची तारीख विचारत नाही.

शेवटी देवाचा मार्ग काढला. भजन संपल्यावर जो जयघोष होते, त्यात यांचं नाव पहिलंच येते, म्हणून लग्न झाल्यापासून मी तो दुसऱ्या शब्दापासून म्हणत आली. (देवाला याचं कारण माहीत आहे.) वाटलं, देवाच्या संगतीत आलेल्या नावाचा दोष लागणार नाही. एकादशीला आंघोळ करून, डोळे मिटून, यांच्या उजव्या कानाशी जयघोष केला. आवाज भीतीने फारच मोठा निघाला आणि सवयीने दुसऱ्या शब्दापासूनच निघाला. यांनी मान वळवली नाही. डावा हात कपाळाला लावला आणि तोच प्रसादासाठी पुढे पसरला. तेवढ्यात सुखरामजींची सत्यभामाबाई तोंडाला पदर लावून धावत आली, "कवा वं बाई, कवा झालं?" हे गेले समजून आली, पाहते तर हात पसरून बसलेले. आलीच होती म्हणून वाटीभर साखर मागून घेऊन गेली.

आता घरात वडील तुम्हीच. नाव घेऊ की नको, तेवढं उलट टपाली कळवा. बाकी काही मागणं नाही.

तुमची,
शकुन

ता. क. पत्र चिकटवायला भाताचं शीत आणायला गेली होती. वळून पाहते तर हे खाटेच्या उजव्या कडेने कलंडून राहिलेले, आणि यांना पत्ताच नाही. हातात शीत, धावून पोचणार नाही एवढं अंतर, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, पुंडलिक. राव नाही, जी नाही, आंब्यावर चढलेल्या पोराला दटावावं तसं. हे थांबले. मान उजवीकडे वळली, मला शोधलं, आणि वाकड्या तोंडातून आलं, "काय वं?" अगदी पहिल्यासारखं, कंटाळून. मी यांना सरळ केलं आणि चुलीशी जाऊन बसली. आनंदाने रडावं की काय करून बसली म्हणून रडावं, ते ठरलं नाही.

ता. क. (घडीवरची जागा वाया जाते म्हणून) आता ही हाक मला रोज मारावी लागेल, आणि प्रत्येक वेळी काय खर्च होऊन राहिलं ते मला दिसणार नाही. तुम्ही मोठ्या बहीण, तुमचा आशीर्वाद लागतो. तुम्ही यांच्या डाव्या बाजूला बसा. मी एकदा नाव घेतलं की तुम्ही एकदा 'औक्षवंत हो' म्हणा, म्हणजे मी खर्च केलं ते तुमच्याकडून जमा होत जाईल. सकाळच्या एका हाकेचं बाकी आहे, तेही आल्याबरोबर म्हणा. त्यानंतर यांनी शब्द काढला नाही आणि दुसरी हाक मारायची माझी छाती होत नाही. वर 'येऊ नका' लिहिलं आहे, ते खोडलं तर कागद खराब दिसते म्हणून तसंच ठेवलं. ते वाचू नका.