साडूची टेनॅसिटी आणि माझा हट्ट

असोदा,
मंगळवार

ती. योगराजनाना यांच्या चरणी छगनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, अक्कांचं गोड खाणं खरंच बंद झालं की नुसतं लपून सुरू आहे, ते कळवावं. आम्ही सगळे खुशाल. केळीला पाणी आहे, कापूस घरात आला आहे, म्हणजे कुरकुर करायला काही जागा नाही, आणि तरी मी कुरकुर करायलाच बसलो आहे. (फोन केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि माझं बोलणं धुळ्याच्या अर्ध्या गल्लीला ऐकू जातं.)

विषय माझा साडू भूपेंद्र, चाळीसगावचा. मला त्याचा हेवा वाटतो. तुम्ही मावसभाऊ असलात तरी वडिलांच्या जागी आहात, म्हणून सरळच लिहितो. दिवाळीत धरणगावला सासुरवाडीत सगळे जमलो होतो. भूपेंद्रने आपल्या वस्तीवर एसटी थांबावी म्हणून डेपोत वर्षानुवर्षं खेटे घातले आणि आता ती थांबते. (थांबते म्हणजे हळू होते. म्हातारी माणसं पळत चढतात.) त्यावर माझा मेहुणा पुनम, जो कॉलेजात इंग्रजी शिकवतो, सगळ्यांसमोर म्हणाला की भूपेंद्ररावांकडे टेनॅसिटी आहे. ज्यांना कळलं नाही त्यांनी माना जास्त डोलावल्या. सासूबाईंचा चेहरा तर जावयाला सरकारी नोकरी लागल्यासारखा झाला. आणि आमची दिपमाला, जिला माझ्या बीपीच्या गोळीचं नाव आजतागायत नीट घेता आलं नाही, ती मोटरसायकलवर मागे बसून असोदा येईपर्यंत तो शब्द घोकत होती, एकदाही न अडखळता.

मी मोबाइलमध्ये अर्थ काढला. चिकाटी. मग नाना, चिकाटी म्हणायला काय झालं होतं? चिकाटी आमच्याकडेही आहे. शेजाऱ्याच्या पत्र्याचं पाणी माझ्या ओट्यावर पडू नये म्हणून मी लग्नाआधीपासून भांडतो आहे, त्याला घरात हेकटपणा म्हणतात. तेच चाळीसगावच्या माणसाने केलं की लगेच इंग्रजी. तेव्हाच ठरवलं की हा शब्द आपणही मिळवायचा.

गेल्या रविवारी सासऱ्यांच्या शेतात भरीत पार्टी होती. थोरला जावई म्हणून वांगी माझ्या शेतातली आणि भाजायचा मानही माझा. भरताचं वांगं पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजायचं, हे आपल्याकडे जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. पण आदल्या दिवशी अवकाळी पडला होता आणि पऱ्हाटी ओली. मी फुंकत बसलो. धूर एवढा झाला की सासूबाई बांधापलीकडे जाऊन बसल्या. सासरे भिकनआबा डोळे पुसत आले आणि म्हणाले, “जावईबुवा, बठ्ठा भुक्या शेतस. झोपडीमा गॅस शे, त्यावर भाजी ल्या.” मी म्हटलं, आबा, सगळे भुकेले असले तरी गॅसवरच्या वांग्याला आमच्या असोद्यात भरीत म्हणत नाहीत. आणि पुन्हा फुंकायला लागलो. उन्हं कलली. पोरांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या ठेच्याशी संपवत आणल्या.

एवढ्यात भूपेंद्र माझ्याच वांग्यांची अर्धी पाटी उचलून कुठेतरी गेला. पलीकडच्या शेतात दुसऱ्या कुणाची पार्टी चालली होती, त्यांची पऱ्हाटी छपराखालची, कोरडी. त्यांच्या निखाऱ्यावर वांगी भाजून घेऊन हा हसत परत आला. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. (मीही खाल्लं. चांगलं झालं होतं, हेच जास्त झोंबलं.) माझी वांगी बाहेरून काळी आणि आतून कच्ची. पुनम माझ्याकडे बघून म्हणाला, “भाऊंचा हट्ट म्हणजे हट्ट.” सगळे हसले, दिपमालाही हसली. नाना, बाकीच्यांचं हसणं मी धुरात सोडून दिलं, तिचं मात्र मला लागलं.

तुम्ही जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं, आता तुम्हीच निवाडा करा. माझ्या समजुतीप्रमाणे काम झालं की टेनॅसिटी आणि फसलं की हट्ट, एवढाच फरक असावा. तसं असेल तर स्पष्ट कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही. (घेईन.) अक्कांना नमस्कार.

तुमचा आज्ञेतला,
छगन

ता. क. अर्थ नाही कळवला तरी चालेल. येत्या रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला येताय, तेव्हा दिपमाला वाढायला आली की सहज म्हणा, छगनकडे टेनॅसिटी आहे. कशाबद्दल ते तुम्हीच बघा. मी लाजल्यासारखं करीन.

आणखी एक ता. क. भूपेंद्रलाही बोलावलं आहे. तो हात धुवायला उठला असेल तर थांबा, परत येऊन बसू द्या, मग म्हणा.

नाना, दिपमालाचा वाकून नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही रविवारी जरूर या, पण तसलं काही म्हणू नका. आमच्या आबांनी स्थळ नाकारलं, तरी हे दर बाजाराला वांग्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात येऊन उभे राहायचे. सगळे याला हट्ट म्हणायचे, मीही म्हणायचे, आणि त्या हट्टाशीच मी लग्न केलं. आता तुमच्यासारख्या मास्तरांनी त्याला इंग्रजीत चांगलं म्हटलं, तर मला यांच्याशी भांडताही यायचं नाही.