विमानाची खुर्ची आणि सासूबाईंचा केक

प्रति,
मा. डॉ. त्यार्क पेटरझन,
परीक्षक, साचेकाम व संमिश्र पदार्थ विभाग,
पेटंट कार्यालय.

अर्जदार : एबरहार्ट नेगेले, मालक, नेगेले साचेकाम कारखाना, मु. उंटरबाखिंगन, श्वाबेन.

विषय : विमानातील आसनाचे कवच साच्यात घडवण्याच्या माझ्या पद्धतीवर आपण घेतलेली 'पद्धत नवीन नाही' ही हरकत मागे घेण्याबाबत, व एका खाजगी विनंतीबाबत.

संदर्भ : १) आपले हरकतीचे पत्र. २) त्यावर मी घाईने पाठवलेले उत्तर. (हे अद्याप वाचले नसल्यास कृपया वाचू नये.)

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, लांबच्या विमानप्रवासात महागडे तिकीट काढणाऱ्या माणसाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना एक कवच असते, शेजाऱ्याचे तोंड दिसू नये म्हणून. ते आम्ही बनवतो. कार्बनच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवायचे, साच्यात बसवायचे आणि भट्टीत भाजायचे, एवढेच काम. अडचण आतल्या कोपऱ्यांची. तिथे कापड चिकटून बसत नाही, ताणलेलेच राहते, मागे पोकळी उरते आणि पुढे कधीतरी कवच नेमके तिथेच तडकते. मोठे कारखाने यासाठी दाबाची भट्टी वापरतात. तिची किंमत ऐकून मी ज्या खुर्चीवर बसलो ती नशिबाने साधी लाकडी होती. काटकसरीच्या बाबतीत आम्हा श्वाबेनच्या लोकांची ख्याती आपल्या कानी असेलच. म्हणून मी मसूर वापरतो.

२. मसूर आधी वेगळा तापवायचा. तापलेला मसूर पिशवीत भरून कवचाच्या पोटात ठेवायचा. जरा हलवला की तो आपणहून कोपऱ्यांत शिरतो. मग पिशवीतली हवा ओढून घेतली की दगडासारखा घट्ट होतो, कापड साच्याला चिकटते आणि राळ आतून-बाहेरून एकदमच पक्की होते. तोच मसूर पुन्हा पुन्हा वापरता येतो. मात्र तो खाता येत नाही, याचे गावात अनेकांना दुःख आहे.

३. यावर आपण आमच्या गावच्या महिला मंडळाने छापलेले पाककृतींचे पुस्तक शोधून काढलेत. त्यात आंबट लाल ट्रॉयब्ले फळांचा केक आहे आणि त्याच्या कृतीत 'केकचे कवच भाजताना फुगू नये व कडा ढासळू नयेत म्हणून वर कागद ठेवून मसूर भरावा' असे वाक्य आहे. कोणीही जाणकार माणूस या केकवरून विमानाच्या आसनापर्यंत सहज पोचेल, असा आपला निष्कर्ष. महोदय, मीही केकवरूनच पोचलो, पण सहज नाही; माझी बोटे भाजली. तो मुद्दा पुढे येईल. तूर्त एवढेच नमूद करतो की त्या कृतीखाली ज्यांचे नाव आहे त्या श्रीमती वाल्बुर्गा हेबरले माझ्या सासूबाई आहेत. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात.

४. वकिलाची फी वाचावी म्हणून आपल्या पत्राला पहिले उत्तर मी स्वतःच लिहिले. 'सदर महिला ही या विषयातील जाणकार व्यक्ती मानता येणार नाही' असे एक वाक्य त्यात होते. कायद्याच्या दृष्टीने ते बिनचूक होते. त्याची प्रत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरलो, हे मात्र चुकले. सासूबाई म्हणाल्या, "जाणकार नाही? मग जावईबापू, दर रविवारी तिसरा तुकडा उचलताना हा शोध लागला नव्हता वाटतं!" माझी पत्नी गुद्रुन मध्ये पडली, "अगं आई, ते नुसतं कायद्याचं बोलणं आहे." त्यावर उत्तर आले, "असेना का! कायद्याला येतो का केक करता?" त्या दिवसापासून मला केक बंद आहे. जिना झाडायची पाळी आमच्याकडे आलटून पालटून असते, ती माझ्याकडेच कायमची मुक्कामाला आली आहे. मी झाडत असताना सासूबाई वरून वाकून पाहतात आणि म्हणतात, "कोपरे राहिले हो. कोपऱ्यांतले तज्ज्ञ ना तुम्ही?"

५. झाडता झाडताच माझ्या लक्षात आले की पुस्तकातल्या कृतीत मसूर आधी तापवण्याचा उल्लेखच नाही. सासूबाई तर तो तापवतातच. मागे एका रविवारी त्यांनी मला "तेवढं ताट द्या इकडे" म्हटले आणि मी ओव्हनमधले मसुराचे ताट उघड्या हाताने उचलले होते. हा शोध मला लागला तो असा. म्हणून खात्री करण्यासाठी मी पुस्तकाबरहुकूम, गार मसूर घालून, स्वतः एक केक भाजला. मधोमध ओला राहिला आणि कडा घसरून तळाशी जाऊन बसल्या. तो घेऊन वर गेलो. बऱ्याच दिवसांनी सासूबाई माझ्याकडे पाहून हसल्या. म्हणाल्या, "पुस्तकातला केलात? कमाल आहे तुमची! छापायला खरं कोण देतं?"

६. आपण उत्तरेच्या समुद्राकडचे आहात हे आपल्या नावावरून दिसते, म्हणून खुलासा करणे भाग आहे. आमच्या गावात कोणी कृती मागितली तर नाही म्हणणे असभ्यपणाचे आणि पूर्ण देणे खुळेपणाचे समजतात. त्यामुळे प्रत्येक बाई काहीतरी एक गाळून कृती देते. त्या पुस्तकात एकही पदार्थ पूर्ण नाही. गावातली कोणीही बाई ते उघडत नाही. ते परगावाहून आलेल्या सुनेला लग्नात भेट द्यायचे असते. आमच्या शेजारच्या हेडविग फ्लायडररबाई अशाच परगावाहून आल्या आणि आज नातवंडे झाली तरी त्या पुस्तकातलाच केक करतात. दर उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत तो ओला निघतो. दर उन्हाळ्यात सासूबाई एक घास खाऊन म्हणतात, "छान झालाय हो हेडविग, जरा आच कमी पडली."

७. सबब, ज्या कृतीने काम होतच नाही ती छापल्याने माझी पद्धत जगजाहीर झाली असे म्हणता येणार नाही. मात्र कृती मुद्दाम अपुरी दिली होती असे सासूबाईंनी लिहून देणे आवश्यक होते. त्यांनी साफ नकार दिला. "म्हणजे हेडविगला इतकी वर्षं फसवलं हे सरकारी कागदावर लिहून देऊ?" त्यातच पेटंट छापून प्रसिद्ध होते आणि त्यात गरम मसुराची गोष्ट येणार, हे मी प्रामाणिकपणे सांगून बसलो. "अख्ख्या गावाला कळणार? त्यापेक्षा तुमचा कारखाना बुडालेला बरा!" महोदय, तो खरोखरच बुडेल. आसने बनवणारी कंपनी पेटंट असेल तरच आम्हाला काम देणार आहे; नसेल तर मसूर त्यांनाही बाजारात मिळतो. कारखान्यात माझ्याखेरीज नऊ माणसे आहेत, आणि त्या सर्वांची, तसेच सासूबाई सोडल्यास घरच्यांचीही, माझ्यावर भिस्त आहे.

८. शेवटचा उपाय म्हणून मी सासूबाईंना पेटंट म्हणजे काय ते समजावून सांगितले : वीस वर्षे ही पद्धत आपल्या परवानगीशिवाय कोणालाही वापरता येत नाही. त्या मोजे विणत होत्या. सुया थांबल्या. "कोणालाही?" मी म्हटले, कोणालाही. "हेडविगलाही?" या ठिकाणी मला खोकला आला. त्याचा अर्थ त्यांनी आपला आपण लावला. "म्हणजे तिला कळणार, आणि कळूनही करता येणार नाही!" असे म्हणून त्या उठल्या, चष्मा शोधला आणि हवे ते सगळे लिहून देऊन खाली सही ठोकली. इतके समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लग्नातही पाहिले नव्हते. त्या रविवारी मला केक मिळाला. एकच तुकडा, पण मिळाला.

९. तरी विनंती की, हरकत मागे घ्यावी. संशोधक म्हणून माझ्या नावाच्या आधी सासूबाईंचे नाव घालावे, आणि नियमात बसत असल्यास त्यामागे 'जाणकार' असे लावावे.

१०. आता खाजगी विनंती. सुनावणीला सासूबाई जातीने येणार आहेत. त्यासाठी हॅट बाहेर काढून ठेवली आहे. त्या आपल्याला एकच प्रश्न विचारतील : हेडविगला तिच्या स्वयंपाकघरात आता गरम मसूर वापरता येईल का? घरच्या स्वयंपाकाला पेटंट लागू होत नाही, आणि माझे पेटंट तर केवळ विमानाच्या आसनांपुरते आहे, हे आपण जाणता आणि मीही जाणतो. आपल्याला खोटे बोलायला सांगण्याची माझी हिंमत नाही. फक्त त्या क्षणी आपल्यालाही खोकला यावा, एवढेच मागणे आहे.

आपला विश्वासू, आणि सध्या घरात सर्वांचाच आज्ञाधारक,

(सही)
एबरहार्ट नेगेले
उंटरबाखिंगन, दि. १९ जुलै

सोबत :
१) श्रीमती हेबरले यांचे सहीनिशी निवेदन.
२) पुस्तकाप्रमाणे केलेला केक, एक. (पुरावा म्हणून. खाऊ नये.)
३) सासूबाईंनी केलेला केक, एक. (हाही पुरावाच, पण खावा.)
४) दोन्हींचे डबे. (परत पाठवावेत. सासूबाईंचे आहेत.)
५) खोकल्याच्या गोळ्या जोडलेल्या नाहीत. सुनावणी होईपर्यंत आपणही त्या घेऊ नयेत.