आईवर राज्य

९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. आधी तुझ्या जिवाला लागलेला घोर काढून टाकते, मग बाकीचं. भिंगरी रडली नाही. एकदाही नाही! तू दाराबाहेर पडलीस तेव्हा ती जेवणाच्या टेबलाखाली लपली होती, ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग मी खाऊ दाखवून तिला बाहेर काढलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप खाल्लं. मी सांगितलं नव्हतं तुला? लपाछपी सुरू करायची, पोर लपलं की निघून जायचं. दारात गळ्यात पडून रडारड करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. इतकी वर्षं नर्सरीत उगाच नाही काढली मी. वर्गातल्या दोघींच्या आयांनाही हीच युक्ती शिकवली आहे.

उलट तुझी लेक इथे येऊन सुधारली म्हण. तुझ्याकडे कशी घर डोक्यावर घ्यायची! इथे कानात सांगावं तसं हळू बोलते. जे मूल आठवडाभर रडत नाही त्याला मी कागदी चांदणी लावते, ती यावेळी तिच्या फ्रॉकवर लागली. भाची म्हणून नव्हे हं, वर्गात मी कुणाची मावशी नाही.

फोन मात्र करू नकोस. तुझा आवाज ऐकला की सगळं मुसळ केरात. सहा महिन्यांचं तर शिक्षण, बघता बघता संपेल. पत्रं लिही, क्रेनवर चढताना खाली बघू नकोस आणि डबा वेळेवर खा. लोभ असावा.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खाली बघू नकोस म्हणतेस, पण इथे तर दिवसभर खालीच बघायचं असतं. वर काचेच्या खोलीत बसायचं आणि पायाखालच्या काचेतून लोंबकळणारी मालाची लोखंडी पेटी बोटीवर नीट उतरवायची. पहिल्या दिवशी मी ती अशी आपटली की धक्क्यावरची माणसं सैरावैरा पळाली. तेव्हापासून बंदरावर मला भूकंपबाई म्हणतात. मास्तर म्हणाले, हात चांगला आहे, घाई वाईट आहे.

भिंगरी रडली नाही हे वाचून हायसं वाटलं, आणि खरं सांगू का, थोडं लागलंही. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून मी मोठ्याने आकडे म्हणत होते आणि एका हाताने बॅग उचलत होते. आकडे संपायच्या आत मी जिन्यात होते. आपल्याच बहिणीच्या घरातून चोरासारखी निघाले. तिच्या बाबांना जहाजावर हे कळवायची हिंमत झालेली नाही. ती माझं नाव काढते का गं? नसेल काढत तर तसंच लिही. मन घट्ट केलं आहे.

तुला तिचा त्रास होत असेल, तर सांभाळून घे. तिला माझे पापे.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

विचारलंस म्हणून लिहिते, ती तुझं नाव काढत नाही. पण आजची तक्रार वेगळीच आहे.

या महिन्यात वर्गात आम्ही ‘मी कोण’ घेतलं आहे. मुलं गोल करून बसतात, मधे मोठा आरसा. एकेकाने पुढे यायचं, आरशात बघायचं, आपलं नाव मोठ्याने सांगायचं. मग बाकीच्यांनी त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं, याचे केस कुरळे, ही लांब उडी मारते. एवढ्याशा पोरांना आपण म्हणजे कोण, ते असं चारचौघांच्या तोंडूनच कळत जातं. सगळी बोलली. अगदी डॉक्टरीणबाईंचा बोबडा मुलगासुद्धा. तुझी लेक मात्र आरशासमोर येते आणि ओठांवर बोट ठेवून उभी राहते.

आज पालक बघायला आले होते. मी हनुवटी धरून तिचं तोंड आरशाकडे वळवलं आणि सांगितलं, नाव सांगितल्याशिवाय जागेवर जायचं नाही. ती उभी राहिली. डोळे भरून आले पण तोंड उघडलं नाही. आयांची कुजबुज सुरू झाली आणि शेवटी मलाच माघार घ्यावी लागली. चारचौघांत माझी लाज काढली गं तिने. हा हट्टीपणा सरळ तुझ्याकडून आलेला आहे, दुसरीकडे शोधायला नको.

रागावू नकोस. दमले आहे म्हणून लिहिलं. लोभ असावा.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

परवाचं पत्र आधी फाडून टाक. ते वाचून तू मला काय म्हणाली असशील ते सगळं मला मान्य आहे.

आज वर्गात चादरीचा खेळ होता. सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकाला चादरीखाली बसवायचं, डोळे उघडून कोण नाही ते ओळखायचं आणि त्याचं नाव पुकारायचं. नाव आलं की चादरीतलं मूल उडी मारून बाहेर येतं. भिंगरीला बसवलं. पोरांनी एका दमात ओळखलं, तिच्या नावाचा नुसता गजर केला. ती आलीच नाही. मी चादर उचलली तर ती माझ्यावर चिडली, पण तीही कुजबुजत. म्हणाली की तुम्ही नाही शोधायचं, आईवर राज्य आहे.

मग तिला मांडीवर घेऊन विचारत गेले तसं ती कानात सांगत गेली. ती अजून लपलेलीच आहे, धाकटे. आई शोधत शोधत लांब गेली आहे. लपलेल्याने आवाज करायचा नाही, रडायचं नाही, आपलं नाव तर मुळीच सांगायचं नाही, नाहीतर खेळ मोडतो आणि मग आई शोधून काढणार कुणाला? हे नियम तिला त्या टेबलाखाली कुणी सांगितले होते? मीच. तुझी पावलं ऐकून तिने ओरडू नये म्हणून.

आणि ती रडत नाही म्हणून मी तिला चांदण्या लावत होते! दर आठवड्याला, सगळ्यांदेखत! परवा आरशासमोर उभी करून तिच्या तोंडून जे नाव काढायला बघत होते, ते तिने तुझ्यासाठी जपून ठेवलं होतं. मुलांना ‘मी’ म्हणायला शिकवण्याचा पगार घेते मी. शरमेने मला कुठे तोंड लपवू असं झालं आहे. खेळ संपला असं तिला सांगायला गेले तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

यायला जमेल का? तुझं शिक्षण बुडेल हे कळतं, तरी विचारते.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

येते आहे. मास्तरांनी आधी नाही म्हटलं. मग मी सगळं खरं सांगितलं, सांगताना मान वर होईना. तेव्हा त्यांनी दोन दिवसांची सुटी दिली. शनिवारी सकाळी पोचेन. परत मात्र इथे यावंच लागेल, पहिली परीक्षा आहे.

तुझ्यावर रागावले आहे, खोटं कशाला बोलू. पण जिन्यातून पळाले ती मी. तुझी युक्ती होती, पाय माझे होते. तिला काही सांगू नकोस. शोधायचं काम माझं आहे, आणि या खेपेला जाताना तिच्या डोळ्यांदेखत जाईन. रडली तर रडू दे.

तुझी,
धाकटी


३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

टेबलाखाली वाकून तू तिला नावाने हाक मारलीस तेव्हा ती जी किंचाळली, त्यावरून शेजारच्या शिंपीणबाई अजून विचारतात की घरात कुणी पडलं का. दोन दिवस तुम्ही दोघींनी घर डोक्यावर घेतलंत. मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले, तुमच्यात येण्याचा मला हक्क वाटेना.

तू गाडीत बसलीस आणि ती रस्त्यावर लोळण घेऊन रडली. मला गुद्दे मारले. मी गप्प करायला गेले नाही, शेजारी फुटपाथवर बसून राहिले. चांदण्यांचा डबा मी केराच्या टोपलीत टाकला आहे. त्या दोन आयांना फाटकापाशी थांबवून सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, पोरांना सांगून जात जा. एकीने ऐकून घेतलं. दुसरी म्हणाली, आता सांगताय!

आता आजचं. मुलांना गोलात बसवून मी विचारत होते, आज कुणाला कसं वाटतंय. कुणी मजेत, कुणाचं पोट दुखतंय. भिंगरीची पाळी आली. ती उठली. चांगल्या खणखणीत आवाजात, तुझ्या आवाजात, आधी तिने आपलं नाव सांगितलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की मला मावशीचा राग आलाय, तिने मला फसवलं.

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. दाराशी मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मावशीला असं बोलतात का, हे शब्द सवयीने माझ्या जिभेवर आले होते, ते गिळले. तिला म्हटलं, हो, फसवलं, तुझा राग बरोबर आहे. तिने ते ऐकून घेतलं, माझ्याजवळची आपली जागा सोडली आणि गोलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. मी तिला परत बोलावलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या मुलाची पाळी होती, त्याला भूक लागली होती.

परीक्षा नीट दे. रात्री रोज फोन कर, ती वाट बघते. लोभ असावा, हे मी इतकी वर्षं प्रत्येक पत्राखाली हात वळतो म्हणून लिहीत आले. आज मागते आहे.

तुझी,
ताई