आओरिता म्हणजे कधी?

सांतियागो,
मंगळवार, १४ मे २०१९

बाबा,

आशीर्वाद द्या. तब्येत बरी आहे, गोळ्या मिळताहेत असं धरून चालते. आपल्या बार्किसिमेतोला वीज नाही, फोन लागत नाही, म्हणून हे पत्र कराकासला निघालेल्या एका बाईंच्या हाती देते आहे. तसा फोन लागत असता तरी मी पत्रच लिहिलं असतं. हा फोन कंपनीचा आहे.

धाकट्या हेर्सनने तिथली नोकरी सोडून माझ्याकडे यावं का, असं तुम्ही विचारलंत. "गोड गोड नको, आकडे दे," म्हणालात. घ्या आकडे. पगार ऐंशी हजार पेसो. खोलीचं भाडं एकोणीस हजार, आणि खोली म्हणजे पलंगावरून उतरलं की स्वयंपाकघर. कामाचा परवाना कंपनीच्या नावावर निघतो, त्याच्या वकिलाचे पैसे दर महिन्याला माझ्या पगारातून कापतात. आपल्या आरेपा भाकऱ्यांचं मक्याचं पीठ इथे महाग, म्हणून मीही आता सकाळी इथल्यासारखी उकडलेली केळी कुस्करून खाते. तुम्हाला पाठवते ते धरून जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. तिकडे तुमच्या अख्ख्या पेन्शनमध्ये अंड्यांचा एक ट्रे येतो, त्यामानाने मी श्रीमंतच म्हणायची.

राहणीमान विचाराल तर या बेटावर नळाला पाणी आहे, दुकानात औषधं आहेत. लोक मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. रविवारी शेजारीण नाचायला बोलावते, मी जात नाही.

तेव्हा हेर्सनला सांगा, पैसे उरतात. पण राजीनामा त्याने इतक्यात देऊ नये. का, ते आत्ता विचारू नका.

माझं बरं चाललंय. जेवण मात्र जात नाही. वॉकीटॉकी नुसती खरखरली तरी हातातलं काम टाकून उठते. मागच्या बुधवारी औद्योगिक वसाहतीत विजेच्या लाइनवर लहानसा अपघात झाला. मी कंट्रोल रूममध्ये होते, मला खरचटलंसुद्धा नाही. एका लाइनमनला लागलं. सोमवारी चौकशी आहे, नेहमीची असते तशी. "लहानसा" हा शब्द खोडावा की काय, असा विचार करत बसले होते. राहू दे.

काळजी करू नका.

तुमची,
नोएलिया


शुक्रवार, १७ मे

बाबा,

त्या बाईंचं विमान चार दिवसांनी पुढे गेलं, त्यामुळे वरचं पत्र माझ्याकडेच राहिलं. फाडणार होते. मग म्हटलं, जाऊ दे तसंच. तुमची मुलगी टाळाटाळ कशी करते, तेही तुम्हाला दिसू दे.

लाइन मी चालू केली. माणूस वर असताना.

त्याचं नाव डॉन एलिहिओ. वय अठ्ठावन्न, या वसाहतीच्या तारांवर तीस वर्षं. दुपारी बारा वाजता सगळे कारखाने बंद पडलेले, कापडवाले बोंबलत होते, आणि मॅनेजर फेर्मिन दर दोन मिनिटांनी दारात येऊन "बाई, आज होणार आहे का उद्या?" म्हणत होता. एलिहिओने सांधा बदलला, अर्थिंगच्या तारा काढल्या आणि हत्यारं आवरायला घेतली. मी वॉकीटॉकीवर विचारलं, "करू का चालू?" तो म्हणाला, "आओरिता, इंजिनिअरबाई."

तुमच्या-माझ्या कानाला याचा अर्थ एकच. आत्ता, या क्षणी. मी स्विच मारला.

इथे "आओरिता" म्हणजे मग, थोड्या वेळाने.

ब्रेकर लगेच पडला म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं काढली, डावा कोपरापर्यंत भाजलाय. आणि किल्लीचं तुम्ही विचारायच्या आत सांगते. स्विचला कुलूप लावून किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात द्यायची, हे मला तुम्ही मी बारा वर्षांची असताना शिकवलंत. इथे किल्ली माझ्या टेबलावर असते. वेळ वाचतो, असं इथली मंडळी म्हणतात, आणि पहिल्या आठवड्यात नाक मुरडून मीही गप्प बसले. नवी नोकरी, परका देश.

दुसऱ्या दिवशी फेर्मिनने मला केबिनमध्ये बसवून स्वतःच्या हाताने कॉफी दिली. तेव्हाच मला धडकी भरली.

"हे बघा, तुम्ही परदेशी," तो म्हणाला. "आमचा शब्द तुम्हाला माहीत नव्हता. यात तुमचा काय दोष? त्याने ठरलेलं वाक्य बोलायला हवं होतं, 'लाइन मोकळी आहे' म्हणून. नाही बोलला. चूक त्याची."

"मग त्याची भरपाई?"

"त्याची चूक असेल तर कसली भरपाई? तुम्ही स्वतःच्या परवान्याचं बघा, बाई. ऑगस्टमध्ये संपतोय ना?"

जबानी टाइप करून तयार होती. मला फक्त सही करायची होती. मी म्हटलं, सोमवारपर्यंत वेळ द्या.

बाबा, तो शब्द मला माहीत होता. जानेवारीत कोपऱ्यावरच्या दुकानात मी पाण्याचा जार मागितला. दुकानदार "आओरिता" म्हणाला आणि मी अर्धा तास तिथे उभी. शेवटी एक लाइनमन हसत हसत आला आणि म्हणाला, "अहो वेनेसुएलाबाई, घरी जा! इथे आओरिता म्हणजे देवाच्या मनात येईल तेव्हा!" मग जार स्वतः खांद्यावर घेऊन त्याने माझ्या दारात आणून ठेवला. तो एलिहिओच होता.

काल दवाखान्यात गेले. बायको नूरिस उशाशी बसली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "मागा, मागा. तुम्ही माफी मागून घरी जाल. याच्या पँटची बटणंसुद्धा आता मी लावते."

"गप गं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "चूक माझीच. परदेशी बाईशी बोलताना तो शब्द वापरायला नको होता. पण एक आहे, इंजिनिअरबाई. तुम्हाला तो शब्द कुणी शिकवला, ते मी अजून कुणाला बोललो नाही."

एवढंच म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. हा चांगुलपणा होता, की मी बोलते का याची तो वाट बघत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी मी सगळं हाताने लिहून काढलं. तो काय म्हणाला, मी काय ऐकलं, किल्ली कुठे होती. तो शब्द मला जानेवारीपासून माहीत होता, हेही लिहिलं. फेर्मिनला वाचायला दिलं. त्याने वाचून परत सरकवलं आणि म्हणाला, "हे तुमच्याकडेच ठेवा. मी पाहिलेलं नाही." मग मी थेट कामगार खात्याच्या कार्यालयात गेले. कागद दिला आणि शिक्का मारलेली नक्कल घेतली. ती सोबत आहे.

शूरवीर काही झालेली नाही मी. शिक्का पडला आणि मला तिथेच वाटलं, हिसकावून घ्यावा कागद आणि पळावं. परवाना जाणार हे नक्की. खटला होईल का, पोलीस येतील का, कुणी सांगत नाही. खाली मोटरसायकल थांबली की मी खिडकीपासून मागे सरते. हेर्सनला म्हणावं, नोकरी सोडू नको. पुढच्या महिन्यापासून तुमच्या गोळ्यांचं काय, मला माहीत नाही.

पण बाबा, पोलिसांपेक्षा मला भीती तुमची आहे.

चेओकाका खांबावर शॉक लागून गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. लाइन कुणी चालू केली ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो इंजिनिअर मात्र चौकशीत म्हणाला, चेओनेच खूण केली होती. त्याचं नाव मला आजही माहीत नाही, कारण तुम्ही ते घरात कुणाला घेऊ दिलं नाहीत. आई एकदा चुकून बोलायला लागली तर तुम्ही ताटावरून उठलात.

मी त्याच्यासारखं खोटं बोलले नाही. पण स्विच त्याच्यासारखाच मारला. तुमच्या मनात यातलं काय जड होईल, याचा मला अंदाज नाही. मी परत येईन ती कदाचित महिन्याभरात, हातात एक बॅग घेऊन. तोवर हेर्सनने माझी चौकशी केली, शेजारपाजारच्यांनी विचारलं, तर घरात माझं नाव घेऊ द्या. एवढंच मागणं आहे. ते नाव खाली लिहिते आहे.

नोएलिया