टॉर्च नीट धर

बाबा,

परवा आपल्या गॅरेजात एक घर आलं. खरंच घर. जुन्या मिनीबसच्या सीटा काढून कुणीतरी कधीकाळी आत पलंग ठोकलेला, शेगडी बसवलेली, हातभर रुंदीचं सिंक, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. हल्ली लोक अशा गाड्यांतून देश बघत फिरतात. खारघरचे एक रिटायर झालेले साहेब आणि त्यांची बायको घेऊन आले होते. गाडी सेकंडहँड, आणि बेत कन्याकुमारीपर्यंतचा. पण बाई गाडीत बसायला तयार नव्हत्या, इंजिनातून आवाज येतो म्हणत होत्या. साहेब म्हणाले, "मॅडम, मी दोन ठिकाणी चेक करून घेतलं. ऑल ओके आहे. हिलाच काहीतरी ऐकू येतं." बाई त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. "सकाळी पहिल्यांदा चालू केली की येतो," त्या म्हणाल्या. "टिक टिक टिक, असा. माझा चहा होईपर्यंत असतो, मग जातो. आणि त्या गाडीत माझं डोकं दुखतं." साहेब म्हणाले, "डोकं तुझं घरीही दुखतं." मी गाडी ठेवून घेतली आणि त्यांना सकाळी यायला सांगितलं, कारण थंड इंजिनाचा आवाज थंड इंजिनातच शोधावा लागतो. हे तुमच्याकडूनच शिकले.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला पाठ आहे. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला असतात, टोक इंजिनाला, लाकडी मूठ उजव्या कानाला, आणि चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा. जुन्या हायवेवर गाडी कुरकुरायला लागली की लोक म्हणायचे, पनवेलच्या त्या मिस्त्रीकडे न्या, त्याला कान आहे. लाकडाच्या वखारीचे ते सेठ तर दर खेपेला म्हणायचे, "मिस्त्री, तुमचा कान म्हंजे अल्लाची देन हाय. जपा त्याला." तुम्ही मिशीत हसायचात. तो कान तेव्हा फ्रॉक घालून तुमच्या शेजारी उभा असायचा, हातात टॉर्च घेऊन.

तुमचा डावा कान ट्रकचा टायर फुटला तेव्हा गेला, हे सगळ्या पनवेलला माहीत होतं. ती गोष्ट तुम्ही स्वतः रंगवून सांगायचात. उजवा हळूहळू गेला, त्याची गोष्ट कुणी केली नाही. समोरचं बोलणं त्याला कळायचं, ठोके-दणके कळायचे, पण बारीक आवाज पार गेले होते. आणि इंजिनाचं दुखणं आधी बारीकच बोलतं. सुरुवातीला तुम्ही मला विचारायचात, "तुला कुठनं वाटतं गं?" मी टॉर्चचा उजेड तिथे धरायची, आणि तुम्ही मान हलवून तिथला नट सैल करायचात. मला वाटायचं, बाप शिकवतोय, परीक्षा घेतोय. शाळेत मी सांगत फिरायची की आमचे बाबा मला मिस्त्री करणार आहेत.

मग ती संध्याकाळ. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर जेवताय, मी समोर. भिंतीवर पाल चुकचुकते. आईचा पिठाचा हात आपोआप जमिनीवर टकटक करतो, ती "कृष्ण कृष्ण" म्हणते. मी ताटाच्या कडेवर बोट वाजवते. तुम्ही आमटीत भाकरी कुस्करत राहता. हे टकटक करायला मला तुम्हीच शिकवलेलं, हातातला घास खाली ठेवून करायचात. मी आईकडे बघते. आई माझ्याकडे बघत नाही, तव्यावरची भाकरी उलटते. मनात शंकेची पाल चुकचुकली असं लोक म्हणतात, माझी पाल खरीखुरी होती. त्या संध्याकाळी मला कळलं की तुम्ही मला शिकवत नव्हतात, विचारत होतात.

आणि तरीही मला राग आला नव्हता, बाबा, हे लक्षात घ्या. उलट मला वाटलं, आपण बाबांच्या उपयोगाचे आहोत. राग आला तो सेठच्या टेम्पोच्या दिवशी. इंजिनातून किणकिण येत होती, तुम्ही मूठ कानाला लावून उभे होतात, मी उजेड धरला होता आणि तुम्हाला जागा समजत नव्हती. इकडे खोललंत, तिकडे खोललंत. शेवटी न राहवून मी मोठ्याने म्हणाले, "पाण्याच्या पंपातून येतंय, बाबा." तुम्ही वळून बघितलंत. "गप. टॉर्च नीट धर." सेठ हसून म्हणाले, "मिस्त्री, पोरगी हुशार हाय तुमची." "हुशार कसली? निस्ती वटवट हाय," तुम्ही म्हणालात, आणि पंप खोललात. पंपाचंच बेअरिंग गेलं होतं. सेठने तुमची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी नवीकोरी टॉर्च आणलीत, स्टीलची, बारीक आणि लांब झोत पडणारी. आळीतल्या बायका म्हणाल्या, काय लाड करतो बाप. मलाही काही दिवस लाडच वाटले. नंतर लक्षात आलं, जुन्या टॉर्चचा उजेड पसरट होता आणि तुम्हाला नेमकी जागा दिसत नव्हती. लोक म्हणायचे, मिस्त्री डोळे मिटून ऐकतो. डोळे कधीच पूर्ण मिटलेले नसायचे. एक पापणी केसभर उघडी असायची, माझ्या उजेडाकडे.

हे सगळं मी विसरले असते. मुली बापाचं काय काय विसरतात. पण मला डिप्लोमाला जागा मिळाली, मेकॅनिकलला, आणि पुण्याला मावशीकडे राहायचं ठरलं. आईने बॅग भरली होती. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "नाय जायाचं. पोरीची जात हाय. लांब ऱ्हायाचं, पोरांमदी बसून हातोडं चालवायचं, आपल्यात हाय का असं?" मी विचारलं, "मग गॅरेजात चालतं ते?" तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, "तिथं तू टॉर्च धरतेस." मला वाटलं आई काहीतरी बोलेल. तिने बॅगेतले कपडे परत फळीवर ठेवले. विचुंब्याच्या काकांपासून समोरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना तुमचं म्हणणं पटलं, कारण असं बोलणारे बाप घरोघरी होते. तुम्ही त्यांच्या गर्दीत छान लपलात. मला घरी ठेवायचं कारण पोरीची जात नव्हतं, हे त्या घरात तिघांनाही ठाऊक होतं. बहिरा मेकॅनिक म्हणवून घेण्यापेक्षा जुन्या वळणाचा बाप म्हणवून घेणं तुम्हाला सोपं गेलं. आणि मला दिलंत तेही विचुंब्यातच, गॅरेजपासून सायकलच्या अंतरावर. लोक म्हणाले, बापाचा जीव लेकीत अडकलाय. जीव कुठला, कान अडकला होता. तुम्ही गेल्यावर गॅरेज माझ्याकडे आलं, तेव्हा तेच लोक म्हणाले, बापाचा कान लेकीत उतरला.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी मी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते आणि भिंतीवरच्या पालीचा गळा हललेला मला दिसला. आवाज आला नाही. समोर बसलेल्या नवऱ्याने टेबलावर बोट वाजवलं. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं गॅरेजात काढलीत, बारीक आवाज गेलेत, मशीन लावा. लावून बघितलं. गॅरेजात मशीन लावलं की सगळ्या पनवेलचे हॉर्न डोक्यात शिरतात, म्हणून ते घरी कपाटात आहे. म्हणजे कान उतरला तो असा.

तर सकाळी साहेब आणि बाई आले. मी आधी घराचे आवाज बाहेर काढले. कुकर, चमचे, गाळणी, बरण्या, देवाची तसबीर, सगळा संसार गॅरेजच्या ओट्यावर मांडला, म्हणजे भांडीच वाजत असतील, असं म्हणायला साहेबांना जागा उरली नाही. त्या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, झाकणही आतल्या बाजूला. ते उघडलं आणि साहेबांना गाडी चालू करायला सांगितली. बाईंनी लगेच हात वर केला, "हा बघा. आला." मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. मला इंजिनाची नेहमीची घरघर येत होती, बाकी काही नाही. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. "काही नाही हो, जुनं डिझेल इंजिन असंच वाजतं," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते बोलले असते तर साहेब जिंकले असते, माझा कान शाबूत राहिला असता, आणि त्या बाई वटवट करणाऱ्या ठरल्या असत्या. किती सोपं आहे, बाबा. तुम्हाला ते रोज किती सोपं जात असेल, ते त्या क्षणी मला कळलं आणि तुमची किळस आली. माझीही आली.

मी मूठ खाली घेतली आणि म्हणाले, "आवाज असणार. मलाच ऐकू येत नाही. माझे कान गेलेत, बारीक आवाज येत नाहीत." साहेबांचा चेहरा पडला. "मग तुम्ही रिपेअर कसं करणार?" "डोळे आहेत, हात आहेत," मी म्हणाले. बाई पुढे आल्या. माझ्या हातातली टॉर्च घेतली, पदर खोचला आणि वाकल्या. "तुम्ही बघा, मी ऐकते," म्हणाल्या. त्यांनी उजेड इकडून तिकडे फिरवला आणि एका जागी थांबवला. धुराचा पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथे काजळीची बारीक काळी रेघ होती. मी तळवा जवळ नेला. इंजिन अजून थंड होतं, आणि तळव्यावर बारीक बारीक फुंकर बसत होती, बाई तोंडाने टिक म्हणत होत्या त्याच तालात. आतलं पॅकिंग जळलं होतं, एक बोल्ट तुटला होता. गरम झालं की लोखंड फुगतं, फट जवळजवळ मिटते, आवाज जातो. पण विषारी धूर थोडा थोडा गाडीत येतच राहतो, आणि त्या बाई तिथेच बसून चहा करत होत्या. पडदे लावून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून ही दोघं आत झोपली असती तर काय झालं असतं, ते मी साहेबांना सांगितलं. त्यांनी सिंकजवळची खिडकी उघडली आणि ते बायकोला म्हणाले, "तुझं डोकं म्हणून दुखत होतं." बाई म्हणाल्या, "मी सांगत होते." बस, एवढंच.

आणि मग पॅकिंग बदलताना मी नवा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, बाबा, रागाने. कारण काहीही झालं नाही. मी म्हणाले मला ऐकू येत नाही, आणि छप्पर कोसळलं नाही, गिऱ्हाईक पळालं नाही. एक वाक्य लागलं. बाकी काम काजळीने आणि तळव्याने केलं, आणि तुमचे हात तर माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज होते. तुम्ही सेठना म्हणाला असतात, सेठ, जरा तुमीच ऐका कुठनं येतं, तर ते आनंदाने वाकले असते. मला वाटायचं, माझं शिक्षण हिरावलंत ते नाइलाजाने हिरावलंत, पोटासाठी हिरावलंत. पोटासाठी असतं तर मी गिळलं असतं. तुम्हाला माझी गरजच नव्हती. तुम्हाला फक्त ते वाक्य म्हणायचं नव्हतं. निघताना साहेब म्हणाले, "तुमच्या वडिलांचा कान फेमस होता म्हणे." मी म्हणाले, "त्यांनाही ऐकू येत नव्हतं." आयुष्यात पहिल्यांदा मी ते कुणापुढे मोठ्याने बोलले. साहेब मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला.

हे पत्र कुठे पाठवणार? टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात ती स्टीलची टॉर्च आहे, कधीची बंद पडलीय, तिच्याखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. तुमच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी नवऱ्याला, मुलांना सांगत आलेय की मी बाबांना दवाखान्यात सगळं ऐकवलं, मनात काही ठेवलं नाही. खोटं नाही ते. तुम्ही जागे होतात. मी वाकून तुमच्या कानाशी बोलले, पुण्याचं, पोरीच्या जातीचं, टॉर्चचं, सगळं. बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि पाणी मागितलंत. बसायचं स्टूल उजव्या बाजूला होतं, उजवा कान मोकळा होता. मी खाटेला वळसा घालून डावीकडे गेले होते.