गोल खिडकीचं यंत्र आणि तुझा जांभळा स्वेटर

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार, तोही एका हाताचा, कारण उजवा खांदा अजून वर जात नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? आणि भावजींचा खोकला? (त्यांना सांग, सिगरेट सोडल्याचं जाहीर करणं निराळं आणि सोडणं निराळं.)

तू पाठवलेला कपडे वाळवायचा ड्रायर पोचला. आधी मला भयंकर राग आला, हे लिहून टाकते, म्हणजे पुढचे आभार तुला खरे वाटतील. न विचारता असलं यंत्र पाठवायला मी काय अंथरुणाला खिळले आहे? पण माझा खांदा दुखावल्यापासून तुझ्या भाच्याने एकच पालुपद लावलं होतं : आई, तुला साधे कपडे दोरीवर घालता येत नाहीत, घर विकून टाक आणि आमच्याकडे चल. टेलिफोन खात्यात अख्खी पाळी धाकात ठेवलेल्या बाईने ओल्या चादरीपुढे हात टेकायचे, आणि त्याच्या त्या मागच्या खोलीत जाऊन राहायचं! (तिथे व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर माणसं बसत नाहीत, टॉवेल बसतात.) ‘रविवारी येतो, बघू तुला कसं जमतंय,’ असं तो म्हणाला, तेव्हा मी राग गिळला आणि यंत्र सुरू केलं.

पहिल्या दिवशी टॉवेल लावले. ताई, काय सांगू! दोरीवर वाळलेला माझा टॉवेल म्हणजे पापड. इथून निघाला तो मांजरीच्या पिलासारखा. मी तोंड खुपसून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी चादर लावली, तिने मोजे, रुमाल, सगळं पोटात घेतलं आणि बाहेरून सुकून आतून ओलीच राहिली. नायलॉनचा ब्लाउज सगळ्यात कडक आचेवर लावला, तो चटचट ठिणग्या सोडत माझ्याच अंगाला चिकटला. तेव्हा कुठे मी माहितीपत्रक वाचलं : सुतीला जास्त आच, कृत्रिम धाग्याला कमी, आणि कपड्याच्या आतलं लेबल आधी पाहावं.

आतल्या कपड्यांचं मात्र त्या पत्रकात काही नव्हतं. यंत्राला समोर हे एवढं गोल काचेचं दार, आणि त्याच्यासमोर प्लंबर मांडी घालून सिंकखाली बसलेला. होस्टेलमध्ये सिस्टरांनी आपल्याला काय शिकवलं होतं? असले कपडे उशीच्या अभ्र्यात घालून वाळवायचे. मी तेच केलं, वर अभ्र्याची बटणंही लावली. तासाभराने अभ्रा खडखडीत वाळला आणि आतला ऐवज जसाच्या तसा ओला. प्लंबर म्हणाला, “मावशी, उशी वाळायला वेळ लागतोच.” मी म्हटलं, “तुम्ही नळाकडे बघा.”

आता तू मला विणून दिलेल्या जांभळ्या स्वेटरकडे येते. मी लेबल पाहायला गेले होते, खरंच. पण हाताने विणलेल्या स्वेटरला लेबल नसतं, आणि हा दोष सर्वस्वी तुझा आहे. मी टॉवेलांची आच ठेवली. बाहेर आला तो इतका छोटा आणि इतका कडक, की टेबलावर आपला आपण उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत असतानाच दार वाजलं. रविवार!

मुलगा आत आला, सून मागोमाग (तिला सहावा महिना आहे, हे तुला माहीत आहेच). दोघांची नजर टेबलावर. त्याने तोंड उघडलं. आता हा घर विकायचं काढणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी त्याच्या आधी बोलले : मावशीने बाळासाठी विणलाय.

सुनेने तो छातीशी धरला, तिचे डोळे भरून आले. “किती घट्ट वीण आहे हो मावशींची!” मुलगा यंत्राभोवती दोन चकरा मारून आला, घडी केलेल्या टॉवेलांवर हात फिरवला आणि म्हणाला, “आई, जमतंय की तुला.” घराचा विषय निघाला नाही, चहा झाला. तेव्हा ताई, तुझे उपकार मी मानते. एरवी मानत नाही, हे तू जाणतेस.

तुझीच,
धाकटी

ता. क. सुनेला त्याच लोकरीची टोपी आणि मोजे हवेत. आणि स्वेटर इतका कडक झालाय की बाळ त्यात वाकणार नाही, तेव्हा नवा, मऊ, तसाच दिसणारा एक ताबडतोब विणून पाठव. मी गुपचूप बदलेन.

ता. क. २. मीही थंडीत स्वेटरशिवाय आहे. घाई नाही. पण आहे.

ता. क. ३. मुलगा जाताना म्हणाला, आमच्याकडे असलं यंत्र नाही, दर रविवारी आमचे कपडे इथेच आणले तर चालेल का? मी त्याला चांगलं सुनावलं, की मी काय लाँड्री उघडली आहे? मग म्हटलं, आण. पातळ शर्ट अर्ध्या तासात वाळतात आणि माणसं उठून चालू लागतात. जीन्सला चांगले दोन तास लागतात. त्याला सांगितलंय, जीन्सच आण.