वहिनींचे सोमवार, माझे खडे

४ जाने. ९९, सोमवार
शालिनीवहिनींचा सातवा सोमवार. थोरली जाऊ, त्यात शेजारच्याच गल्लीत घर, न जाऊन सांगते कुणाला. पूजा झाल्यावर चुरम्याचा मुटका हातावर ठेवला. तुपानं नुसता थबथबलेला. चमचाभर खाल्ला, प्रसाद म्हणून. घरी येईपर्यंत उजव्या बरगडीखाली कळ. तिथून पाठीत, पाठीतून खांद्यात. पलंगाची दांडी धरून तासभर बसले. हे म्हणाले, "पित्त झालंय, कोकम घे." आमच्याकडं छातीपासून गुडघ्यापर्यंत काहीही दुखलं तरी पित्तच. कोकम घेतलं, ओकून टाकलं. मग आपोआप थांबलं.
गेल्या महिन्यात दोनदा असंच. दोन्ही वेळा सोमवार. दोन्ही वेळा चुरमा.

७ जाने., गुरुवार
शिवणक्लासच्या मुली गेल्यावर वजनकाट्यावर उभी राहिले. ६३. गेल्या फेब्रुवारीत ९६ होते. मुंबईला जाऊन पोट आतून टाके घालून लहान करून घेतलं, हे फक्त ह्यांना आणि सांगलीच्या माझ्या भावाला, विनूला माहीत. बाकी अख्ख्या वाईला माहीत आहे की माझी पिशवी काढली. तेव्हा सोपं वाटलं. पिशवी म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही.
मग श्रावणात घाटावर कुणीतरी म्हणालं, "कुमुद, अर्धी झालीस गं! सोमवार पावले वाटतं?" वाटीभरापेक्षा जास्त पोटात मावत नव्हतं, तेव्हा उपास म्हणायचा तर रोजच होता. मी म्हटलं, "त्याचीच कृपा." झालं. शालिनीवहिनी शेजारीच उभ्या होत्या. मार्गशीर्षात सोळा सोमवार धरले.
आणि ह्याच वहिनींनी, पिशवी काढलेल्या बाईनं वाकू नये म्हणून, सव्वा महिना माझ्या घरचं पाणी भरलं होतं. हंडे वाहून वाहून. स्वतःला सहा वर्षं साखर, दम लागायचा, तरी. लाज वाटते. लिहून ठेवते, म्हणजे उद्या विसरायची सोय नको.

१७ जाने., रविवार
वहिनींकडं हळदीकुंकू. तिळाचा लाडू पदरात बांधून आणला, खाल्ला नाही. शहाणी झाले.
वहिनींनी मला मधोमध बसवलं. पूर्वी म्हणायच्या, "कुमुद, तू आपली सतरंजीवरच बस हो, खुर्ची लेकाची नवी आहे." आता खुर्ची. सगळ्यांना सांगत होत्या, "हिचं बघा आणि माझं बघा. डॉक्टरला सहा वर्षं जमलं नाही ते महादेवानं आठ सोमवारात केलं." आणखी तिघींनी येत्या श्रावणात धरायचं ठरवलं. मी अत्तरदाणी घेऊन फिरत राहिले.

२५ जाने., सोमवार
वहिनी ब्लाउजच्या मापाला आल्या. उद्यापनाला नवा हवा, मोतिया रंगाचा. माझ्या वहीत त्यांचं दिवाळीचं माप आहे, छाती ४२. आज टेप लावली, ३७॥. पुन्हा लावली. तेच. दंड नुसता लोंबतोय. माप घेईपर्यंत तीन पेले पाणी प्यायल्या, दोनदा मोरीत जाऊन आल्या. डाव्या पायाच्या करंगळीपाशी फोड. म्हणाल्या, चप्पल लागली, महिना झाला.
"गोळ्या चालू आहेत ना साखरेच्या?"
"गोळ्या? पहिल्या सोमवारीच बंद केल्या. तू घेत होतीस का गोळ्या? एकदा त्याच्या हवाली केलं की केलं."
माझी आई अशीच वाळली होती, साखरेनं. लोक म्हणायचे, सूनबाई आल्यापासून किती हलकी झाली. वहिनी व्रतानं वाळत नाहीयेत. जितक्या वाळतायत तितक्या खूश होतायत, आणि तितक्याच...
तेव्हाच सांगायचं. तोंड उघडलं आणि काय म्हणाले? "बाही किती ठेवू?"
थू माझ्या जिभेवर.

२६ जाने., मंगळवार
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता सहा सोमवार राहिले. उद्यापन होऊ दे, मग सांगू. मध्येच व्रत मोडलं तर वहिनी आयुष्यभर तुझं नाव घेतील." मी म्हटलं, घ्यायला त्या राहायला तर हव्यात. हे पेपर उघडून बसले.
ठरवलं. मी सांगणार. उद्यापनाच्या, म्हणजे १५ मार्चच्या आत.

३ फेब्रु., बुधवार
रविवारी संध्याकाळपासून कळ थांबली नाही. डोळे पिवळसर. आज साताऱ्याला सोनोग्राफी. पित्ताच्या पिशवीत खडे, पंधरा-वीस, तांदळाएवढे. डॉक्टर म्हातारे, चष्म्यावरून बघणारे.
"आधी ऑपरेशन कसलं?"
"गर्भाशय काढलं."
"असं? बेंबीच्या वरून?"
हे छताकडं बघायला लागले. मग सांगितलं सगळं. वर्षात पहिल्यांदा परक्या माणसाला खरं सांगितलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. डॉक्टर म्हणाले, वजन एवढं भराभर उतरलं की पित्ताचे खडे होतात, तुम्हाला मुंबईत सांगितलं असेल. सांगितलं होतं. गोळ्याही दिल्या होत्या सहा महिन्यांच्या. लोकांना दिसतील म्हणून दोन महिन्यांत बंद केल्या.
म्हणजे गोळ्या बंद करणारी मी पहिली. वहिनी दुसऱ्या.
पिशवी काढावीच लागेल. या खेपेला खरोखरची पिशवी, फक्त दुसरी. हसू आलं आणि हसले तर कळ आली.

६ फेब्रु., शनिवार
वहिनींकडं गेले सांगायला. स्वयंपाकघरात चार बायका, उद्यापनाच्या चुरम्याची कणीक कुणाकडून दळून घ्यायची ते ठरत होतं. "ये गं, कहाणी तूच वाचायचीस हं. आणि नंतर तुझा अनुभव सांगायचा दोन शब्दांत." म्हटलं, वहिनी, जरा बाहेर या. बाहेर आल्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, "अगं बाई, कावीळ! तू आधी बरी हो, बाकीचं मग बोल." पदराच्या टोकाची गाठ सोडून विभूती काढली, माझ्या कपाळाला लावली.
माझ्यानं बोलवलं नाही. परत आले. एवढं प्रेम कुणी करू नये माणसावर.

९ फेब्रु., मंगळवार. सांगली
एसटीनं कऱ्हाडमार्गे. प्रत्येक खड्ड्याला महादेव आठवला. विनू स्टँडवर होता. सर्जन तरुण, बोलायला तुटक. म्हणाले, दुर्बिणीतून बघू, पण आधीचं ऑपरेशन आहे, आतलं चिकटलेलं असणार, बहुतेक पोट उघडावं लागेल. उघडा म्हटलं. पण १५ मार्चला मला वाईत माझ्या पायांवर उभं राहायचंय. म्हणाले, लग्न आहे का घरात? म्हटलं, लग्नापेक्षा मोठं काम आहे.

११ फेब्रु., गुरुवार
उद्या. शेजारच्या खाटेवर हौसाबाई, कवठे महांकाळच्या बाजूच्या. साठीच्या. साखरेनं पाय चिघळला, परवा उजव्या पायाची दोन बोटं काढली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू.
"ताई, तुमाला काय झालंय?"
"खडे."
"मग बरं हाय की. खडं काय, टाकून द्यायचं. माजी बोटं गेली बगा. आता जोडवी कुटं घालू? मालक हाईत अजून माजं."
आणि फसकन हसल्या. मग तोंड भिंतीकडं केलं. खांदे हलत होते. उठून त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, औषध घेत नव्हता का? "घेत हुते की. मग येक जन म्हनला अंगारा लाव, गोळ्यानं रगात जळतंय. तेला बी कुनी तरी सांगितलंच आसंल न्हवं?"
तो कोणी तरी म्हणजे माझ्यासारखीच असणार. साडी नेसलेली, चारचौघांत मान असलेली, "त्याचीच कृपा" म्हणणारी.
डोळ्यांसमोर वहिनींची करंगळी. त्या करंगळीच्या पलीकडं जोडवं. उद्या भूल उतरली की पहिलं ठरवायचं, वहिनींना सांगायचं. नाही, उतरण्याआधीच ठरलेलं आहे.

१४ फेब्रु., रविवार
झालं. पोट उघडावंच लागलं. नळी आहे कुशीत. खोकले तर जीव जातो. हौसाबाई म्हणतात, "खोकायचं न्हाई, शिव्या घालायच्या, तेनं दुकत न्हाई." करून बघितलं. खरं आहे.

१६ फेब्रु., मंगळवार
विनूनं खड्यांची बाटली आणून दिली. इंजेक्शनची रिकामी बाटली, आत अठरा खडे. पिवळट, काही काळे. हलवली की खुळखुळ वाजते. विनू म्हणाला, फेकून दे. मी म्हटलं, हात लावशील तर खबरदार.

२३ फेब्रु., मंगळवार
टाके काढले. जुन्या व्रणाशेजारी नवा, तिरका. मी शिवलं असतं तर एवढं वाकडं गेलं नसतं. निघताना हौसाबाईंना निळा परकर शिवून पाठवायचं कबूल केलं, ३४ उंची. त्या म्हणाल्या, "आवं ताई, तुमी त्या जावंला सांगा बरं का. रागावंल. रागावू द्या. पाय ऱ्हाईल."

१ मार्च, सोमवार. वाई
परवा आले. आज पंधरावा सोमवार. संध्याकाळी वहिनी स्वतः आल्या, वाटीत प्रसाद घेऊन. तूप कमी घातलं होतं, माझ्यासाठी. पायाला चिंधी बांधलेली. ह्यांना म्हटलं, जरा थोरल्या भाऊजींकडं जाऊन या. गेले.
बाटली त्यांच्या हातावर ठेवली आणि सांगितलं. मुंबई, टाके, पिशवी काढलीच नव्हती, सोमवारांनी एक छटाकही उतरलं नाही, सगळं. म्हटलं, तुमचं साखरेनं उतरतंय वहिनी, उद्या माझ्याबरोबर साताऱ्याला चला, गोळ्या आजपासून सुरू करा.
त्यांनी बाटली एकदा हलवून बघितली.
"सव्वा महिना पाणी भरलं मी तुझं."
"हो."
"तुझं डॉक्टरनं उतरवलं ते चालतं. माझं महादेवानं उतरवलं तर तो आजार? आता पंधरा झाल्यावर सांगतेस? माझं चांगलं झालेलं बघवलं नाही का तुला?"
एवढंच म्हटलं, "माझ्यावर रागवा. गोळीवर रागवू नका."
बाटली टेबलावर ठेवून निघून गेल्या. वाटी तशीच. ब्लाउज शिवून तयार होता, तोही राहिला.

८ मार्च, सोमवार
सोळावा. प्रसाद आला नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या घरी काही केलं आणि आमच्याकडं आलं नाही, असं झालं नव्हतं. भाऊजी दुपारी येऊन गेले. थोरले दीर, बोलणं कमीच. म्हणाले, "गोळ्यांचं पाकीट कपाटातून काढून देवापाशी ठेवलंय तिनं. फोडलेलं नाही. मी बोलायला गेलो तर भांडं आपटलं."
मी रोज एकदा त्यांच्या दारापर्यंत जाते. दार लावलेलं असतं. कडी वाजवते, "वहिनी, गोळी" एवढंच म्हणते आणि येते. आज सातवा दिवस. हे म्हणतात, लोक बघतात. बघू देत. त्यांना दाखवायलाच तर मी वर्षभर सजत होते.

१४ मार्च, रविवार
सकाळी कडी वाजवायला गेले तर दार उघडं. वहिनी खाली बसून गूळ चिरत होत्या. वर बघितलं नाही.
"ब्लाउज आण उद्या. आत कापड सोडलंयस ना, पुढं सैल करायला?"
"दीड-दीड इंच."
"बरं." मग विळी बाजूला सरकवली. "कहाणी तूच वाचायचीस. ठरलंय ते ठरलंय. वाचून झाल्यावर बोलायचं. मला जे सांगितलंस ते, सगळ्यांसमोर. श्रावणात धरणाऱ्या त्या तिघी पण आहेत. मला एकटीला सांगून मोकळी झालीस, त्यांचं काय?"
म्हटलं, "आणि गोळी?"
"तू बोललीस की घेईन. तिथंच, सगळ्यांच्या देखत. नाही बोललीस तर श्रावणात पुन्हा सोळा धरते."
खरं बोलतात, मला माहीत आहे. ह्या बाईनं आयुष्यात बोललेलं मोडलेलं नाही.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "वाईत राहायचंय आपल्याला." म्हटलं, राहायचंच आहे. दोघींनाही, वहिनींना आणि मला.

१५ मार्च, सोमवार. दुपारी साडेचार
पाच शेर कणकेचा चुरमा झाला म्हणे. चाळीस बायका येणार. कहाणीची पोथी पिशवीत घातली. ब्लाउज इस्त्री केला. पोट ओढतंय, पट्टा बांधलाय.
काय बोलायचं ते कागदावर लिहिलं होतं, फाडून टाकलं. कागद हातात असला की मी गोड बोलते. पहिलं वाक्य पाठ केलंय, "माझी पिशवी काढली नव्हती." पुढचं येईल तसं.
सुई ओवायला गेले, वहिनींचं एक हुक सैल होतं, तीनदा चुकली. चौथ्यांदा ओवली. हुक पक्कं केलं.
बाटली पर्समध्ये टाकली. पाण्याचा तांब्याही बरोबर घेते, भरून. गोळी गिळायला लागेल.